माक मिस्त्रीच्या सात खोल्या

प्लेगनंतर सरकारनं हाँगकाँगच्या चढावरची आमची अर्धी गल्ली पाडली, आणि उरलेल्या घरांत आम्ही दुप्पट माणसं राहू लागलो. आमच्या घराचा दुसरा मजला म्हणजे एकच लांबलचक खोली. ती ल्युंग वहिनींनी भाड्यानं घेतली होती. बाई विधवा, जिभेला धार. त्यांनी फळ्या ठोकून तिच्या सात खोल्या केल्या आणि एकोणीस भाडेकरू भरले. खिडकी फक्त पहिल्या खोलीला. बाकीच्यांना सकाळ झाली का, हे पलीकडे हाक मारून विचारावं लागे.

मग कायदा आला. खिडकीशिवाय खोली नको, आणि माणशी अमुक इतकी हवा हवीच. माक याऊ आमच्यातलाच सुतार, चाळिशीचा, अबोल, पोटमाळ्यावर एकटा निजणारा. वहिनींनी त्याला खाली बोलावलं.

"मिस्त्री, भिंती हव्यात, पण साहेबाला दिसायला नकोत."

माकनं तीन दिवस डोकं खाजवलं आणि एकही खिळा न वापरता खुंट्यांवर बसणाऱ्या भिंती केल्या. तपासनीस पिनक साहेब गल्लीच्या तोंडाशी दिसला की आम्ही खुंट्या उपसायचो, फळ्या बाकांखाली सारायचो. साहेब जिना चढून येईपर्यंत सात खोल्यांचा दिवाणखाना झालेला असे.

"इतकी माणसं कशाला जमलीत?" साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं.

"माझा वाढदिवस आहे," वहिनी म्हणाल्या.

तीन महिन्यांनी पुन्हा वाढदिवस. चौथ्या खेपेला साहेब बिस्किटांचा डबाच घेऊन आला.

दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतात, एका वर्षात चार वर्षांनी मोठ्या झालात, पण तब्येत राखलीत."

वहिनींनी डबा घेतला. आम्हाला एकेक बिस्कीट मिळालं.

निघताना साहेब खांबापाशी थबकला आणि खुंटीच्या भोकात त्यानं करंगळी घातली. "काम सुरेख आहे. कुणी केलं?"

आम्ही सगळे जमिनीकडे बघू लागलो. पण माक पडला कारागीर. कौतुक ऐकून त्याला राहवेना. "मी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिपाई त्याला घेऊन गेला. आम्हाला वाटलं, तुरुंग. निघाली नोकरी. चोरट्या भिंती हुडकायला साहेबाला जाणकार हवा होता. माक दिवसभर लोकांच्या भिंती उतरवायचा आणि संध्याकाळी वहिनींच्या पंगतीला मान खाली घालून बसायचा.

"आज किती जणांना उघड्यावर आणलंत, मिस्त्री?" वहिनी त्याच्यापुढे भाताचा वाडगा आपटत म्हणायच्या. तरी सुक्या माशाचा मोठा तुकडा त्याच्याच वाडग्यात असायचा.

अखेर आमच्याच मजल्याच्या भिंती उतरवायचा हुकूम निघाला. माकला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं साहेबाला शेजारची मोकळी जागा दाखवली. तिथलं घर सरकारनंच पाडलं होतं, त्यामुळे आमची बाजूची भिंत उघडी पडली होती.

"भिंती पाडण्यापेक्षा खिडक्या पाडतो," तो म्हणाला.

घरमालक कुरकुरला, पण साहेबानं सही केली. माकनं पाच खिडक्या काढल्या. खिडकीवाचून उरलेली एक खोली गेली, आणि माणशी हवेच्या हिशोबात जास्त भरलेले सात जण खाडीपलीकडे कौलूनला राहायला गेले. उजेड आला तशी वहिनींना आपली हरवलेली तीन भांडी माझ्या खोलीत दिसली. त्यावर मी इथे काही बोलत नाही.

शेवटी पोटमाळा. तोही बेकायदा होता. माकनं तो स्वतःच्या हातानं उतरवला. साहेब पुन्हा मोजायला आला तेव्हा तो चटई काखेत मारून उभा होता.

"मिस्त्रीला जागा उरली नाही," दुभाष्या म्हणाला.

वहिनींनी विचारलं, "माझ्या खोलीत किती जणांपुरती हवा आहे?"

माकनं फीत काढली. दोनदा मोजलं. त्याचे कान लाल झाले. "दोघांपुरती."

"मग अर्धी फुकट कशाला घालवायची?"

दुभाष्यानं साहेबाला काय सांगितलं कोण जाणे, पण साहेबानं वही मिटली आणि माकशी हात मिळवला.

नव्या वर्षात त्यांचं लग्न झालं. कौलूनचे सातही जण आले. मांस, भात, तांदळाची दारू, सगळं पुरलं. हवा तेवढी कमी पडली.