बंडलची चाळिशी

घरात त्याला बंडू म्हणत. गल्लीने त्याचं बंडल केलं, आणि त्यात गल्लीचा काही दोष नव्हता असं त्याच्या थोरल्या बहिणीचं स्पष्ट मत होतं. ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, लोकांची वाढलेली पोटं त्यांच्याच जुन्या शर्टांत बसवून द्यायची. माणूस दारातून आत आला की त्याची कंबर आणि त्याच्या थापा तिला एकदमच दिसत. भावाचं तर माप घ्यायचीही गरज नव्हती. गोदामात त्याची पाठ धरली, फोनवर बोलायच्या कामात घसा बसला, पहारेकरी म्हणून उभं राहायचं तर पोटऱ्या भरून आल्या. पस्तिशी केव्हाच उलटली होती आणि एकही नोकरी त्याने टिकवली नव्हती. "याला झोपायची नोकरी बघा," ती आईला म्हणायची.

तर ती मिळाली.

शहराबाहेरच्या एका संशोधन केंद्राला धडधाकट माणसं हवी होती. अंतराळात वजन नाहीसं झालं की माणसाच्या डोळ्यांचं काय होतं, हे त्यांना जमिनीवर बसून बघायचं होतं. त्यासाठी माणसाला दोन महिने पलंगावर निजवायचं, आणि पलंग असा की डोक्याकडची बाजू पायांपेक्षा जराशी खाली उतरलेली. उठायचं नाही, बसायचं नाही, उशी घ्यायची नाही. जेवण, अंघोळ आणि उरलेलं सगळं आडव्यानेच. बंडलने गल्लीत सांगितलं की आपली अंतराळ मोहिमेत निवड झाली. आईने पदराने डोळे पुसले. ताईने त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा पायजमा गुडघ्यापर्यंत आखूड करून ठेवला.

आईला प्रवास झेपत नसे, म्हणून भेटायला जाणं ताईच्याच गळ्यात पडलं. पहिल्या खेपेला ती दारातच थबकली. भावाचं तोंड फुगलं होतं, नाक चोंदलं होतं, डोळ्यांच्या खोबणी भरून आल्या होत्या, आणि पाय मात्र काड्यांसारखे झाले होते. शेजारच्या पलंगांवरही असेच दोघे-तिघे उतरत्या अंगाने पडले होते.

"अंतराळवीर असेच दिसतात," तो नाकातून म्हणाला. "सगळं पाणी वर चढतं."

ताईने त्याच्याकडे आणि मग छताकडे पाहिलं. आयुष्यभर फुकट लोळलास, आता पगारी लोळतोयस, एवढीच तुझी बढती, असं तिने त्याला ऐकवलं. त्यावर तो हसला, पण हसणंही उलट्या बाजूने नाकात गेलं आणि त्याला ठसका लागला. उठून बसायची सोय नव्हती. परिचारिकेने त्याला कुशीवर वळवून पाठ थोपटली. ताईला वाटलं, हा आठवड्याभरात घरी येतो. तिने आईला तसं सांगूनही टाकलं.

तो आला नाही. महिना उलटून गेल्यावर ती पुन्हा गेली, तेव्हा आईने तिच्या फोनवर त्याच्यासाठी चार ओळी लिहून पाठवल्या होत्या. ताईने फोन त्याच्या तोंडापुढे धरला. त्याने तो हातात घेतला, लांब धरला, आणखी लांब धरला, आणि तुझ्या फोनचा उजेडच मंद आहे म्हणून परत दिला. फोन बरा होता. ताईने ओळी वाचून दाखवल्या आणि मनाशी खूणगाठ बांधून ठेवली.

थोड्या वेळाने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. त्यांनी जवळचं वाचायचं कार्ड त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. बंडल धडाधड अक्षरं म्हणत सुटला. मोठ्या ओळीपासून बारीक ओळीपर्यंत, कुठे अडखळणं नाही. ताईच्या लक्षात आलं की शेवटच्या ओळीवर बाईंचा अंगठा आलाय आणि हा तरी म्हणतोच आहे.

"डॉक्टर, अंगठा काढू नका," ती म्हणाली. "त्याला आता अंगठ्याखालचंही दिसायला लागलंय."

शेजारचा पलंग हसला. बंडलने तोंड भिंतीकडे केलं. पहिल्या आठवड्यातच त्याने कार्ड पाठ केलं होतं, कारण पुढे अक्षरं पुसट झाली आणि ते कळलं तर आपल्याला घरी पाठवतील, हे त्याला नको होतं. शाळेत पाढे पाठ झाले नाहीत त्याचे, ताईच्या मनात आलं, आणि इथे हे पाठ केलं.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. कार्डावर आमचं काही अडलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. डोळ्याच्या आतला फोटो दर काही दिवसांनी काढतातच, आणि त्यात पंधरवड्यापासून दिसत होतं की मागची नस जिथे डोळ्यात शिरते तिथे सूज आहे आणि पडद्याला बारीक चुण्या पडल्यात. माणूस उभा असतो तेव्हा अंगातलं पाणी खाली ओढलं जातं. अंतराळात खाली असं काही उरतच नाही, म्हणून ते डोक्याकडे जातं, डोळ्याच्या मागे दाब देतं, डोळ्याच्या गोळ्याची मागची बाजू थोडी चपटी होते आणि जवळचं दिसेनासं होतं. जमिनीवर ते जसंच्या तसं घडवता येत नाही, डोकं खाली करून त्याच्या जवळपास जाता येतं. सूज वाढली तर थांबवू, नाही तर उठल्यावर ती उतरेल, असंही त्यांनी सांगितलं.

"मग मला काढणार नाही?" बंडलने भिंतीलाच विचारलं.

"तुम्हाला काढून कसं चालेल? आम्हाला हेच तर बघायचंय," बाई म्हणाल्या. मग त्या ताईकडे वळल्या. "बाकीचे डोक्याखाली टॉवेलची घडी सारतात. कॅमेऱ्यात सगळं दिसतं. तुमच्या भावाने एकदाही सारली नाही. सर्वांत उपयोगी माणूस हाच."

उपयोगी हा शब्द ताईने भावाच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तिला तो पचेना. परतीच्या बसमध्ये ती स्वतःशीच धुसफुसत राहिली, की बघा, जगात या गाढवाचा उपयोग निघाला तर तो कशाचा, सुजण्याचा. आईला मात्र तिने डोळ्याचं काही सांगितलं नाही. तो आहे तिथे बरा आहे, एवढंच म्हणाली.

त्याने दोन महिने पुरे केले. उठवलं तेव्हा त्याला उभं राहता येईना, दोघांनी काखेत धरून चालायला शिकवलं. तोंडाची सूज लगेच गेली, नसेची हळूहळू. घरी आल्यावर त्याच्या बाता अशा काही फुगल्या की पूर्वीच्या थापा त्यापुढे विनय वाटाव्यात. गल्लीत तो अंतराळातलं सांगत असे, आणि एकदाही पलंग हा शब्द उच्चारत नसे. पुढच्या प्रयोगासाठी त्याने पुन्हा नाव दिलं, तर एकदा सुजलेला डोळा पुन्हा घेत नाही म्हणून केंद्राने नकार कळवला. तो आठ दिवस जेवणावर रुसला. ताईने त्याचं ताट झाकून ठेवायचं बंद केलं तेव्हा रुसवा संपला.

जवळचं मात्र धूसरच राहिलं. पलंगामुळे की वयामुळे, हे डॉक्टरीणबाईंनाही ठाम सांगता आलं नाही. शेवटी ताई त्याला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेली. तिथे त्याने सर्वांत महागाची फ्रेम उचलली आणि आरशात स्वतःला डावी-उजवीकडून न्याहाळत बसला. दुकानदाराने कागदावरचा नंबर बघितला.

"चाळिशी लागली म्हणायची," तो सहज म्हणाला. "वयच आहे."

बंडलचं तोंड उतरलं. त्याने चष्मा काढला आणि बहिणीकडे पाहिलं. आता ही काय बोलणार हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं तर तिच्या जिभेवर ते आलंही होतं.

"वयाचा नाही," ताई म्हणाली. "कामावर लागलाय. आणि ही फ्रेम ठेवा परत, साधी दाखवा."