माझं लिव्हर आणि भाऊंचा काढा

भुसावळला रेल्वेत कारकुनी करत असताना मला टीबी झाला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. औषधाच्या पहिल्याच दिवशी लघवी लालभडक. त्यातल्या एका गोळीनं असं होतंच, हे डॉक्टरांनी आधी बजावलं होतं. पण चोपड्याहून भेटायला आलेल्या माझ्या थोरल्या भावाचा डॉक्टरांपेक्षा स्वतःवर विश्वास जास्त.

"बठ्ठी गरमी शे गोळ्यास्नी," सगळा दोष गोळ्यांच्या उष्णतेचा, असं भाऊंनी निदान केलं. "ती बाहेर काढनी पडी."

त्यासाठी कुठल्याशा जाणकाराचा काढा आला. त्यात काय होतं ते जाणकारालाच ठाऊक, बहुधा त्यालाही नसावं. शिवाय ताकदीची भुकटी. काढ्यानं डोकं दुखू लागलं, तर किराणा दुकानातल्या गोळ्या. मी शिकलासवरलेला माणूस. सगळं निमूट घेतलं. थोरल्या भावाला नाही म्हणण्यापेक्षा विष परवडतं.

तीन आठवड्यांत जेवण सुटलं, डोळे पिवळेजर्द झाले. "देख, गरमी निंघी राहिनी!" भाऊ खूश.

बायकोनं मात्र कुणालाही न विचारता मला जळगावच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. भाऊही आले.

"आणखी काय काय घेता?" डॉक्टरांनी विचारलं. मी छताकडे पाहिलं. भाऊंनी अभिमानानं पिशवी टेबलावर रिकामी केली.

डॉक्टरांनी काढ्याची बाटली उघडून हुंगली आणि पुन्हा घट्ट बंद केली. "लिव्हरला देशी-इंग्रजी कळत नाही. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट मोडायची, पाण्यात विरघळेल अशी करायची, लघवीतून नाहीतर पित्तातून बाहेर काढायची. मोडताना कधी मूळ औषधापेक्षा विषारी तुकडा निघतो. टीबीच्या गोळ्यांनीच ते दमलेलं, त्यात हे!"

"म्हणजे काढ्यानं झालं?" बायकोनं विचारलं.

"गोळ्यांनीही झालं असेल. आता कोण सांगणार? सगळं बंद, टीबीच्या गोळ्यासुद्धा."

मी दवाखान्यात पडून राहिलो. भाऊ रोज एस.टी.नं यायचे, पायाशी बसायचे आणि एकही सल्ला द्यायचे नाहीत. मला खरी धास्ती तेव्हा वाटली.

कावीळ उतरल्यावर रक्त तपासत तपासत गोळ्या एकेक करून पुन्हा सुरू झाल्या. या खेपेला सोसल्या. घरी सोडणार त्या दिवशी भाऊ माझी पिशवी भरता भरता थांबले. "तुले काही व्हतं, ते मायले काय तोंड दखाडतू?"

"भाऊ, बरा झालो ना मी," मी म्हणालो.

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे वळून आपुलकीनं विचारलं, "आबा, तुम्हले काय तकलीफ शे?"