वेलचीच्या वासाचा रेडिएटर

स्वीडनमधल्या आमच्या गल्लीत घरं उबदार ठेवायला गावाबाहेरच्या भट्टीतून गरम पाणी येतं. भट्टीत जळतो तो गावाचाच कचरा. एकट्या फोल्केचा लाकडाचा बंब तेवढा धुरकायचा आणि शेजारच्या गुनवरच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या करायचा.

"लोकांच्या उकिरड्यावर मी शेकणार नाही," तो म्हणायचा. गुनवरकडे कॉफीला आला की ते गरम पाणी फिरणाऱ्या, भिंतीलगतच्या रेडिएटरला नाक लावायचा. "येतोय बघ वास!"

सत्तरीची गुनवर चर्चमध्ये भक्तिगीतं गाते, पण खोडी काढायची संधी सोडत नाही. एकदा तिने वेलचीचा ताजा बन फडक्यात गुंडाळून रेडिएटरमागे खोचला.

फोल्के हुंगून चाट पडला. "हे काय गं?"

"आज बेकरीचा कचरा आला असेल," ती साळसूदपणे म्हणाली.

मग तो येणार असला की ती बन खोचू लागली. शेवटी फोल्केने बंब काढून गरम पाण्याची जोडणी घेतली. चादरी पांढऱ्या राहू लागल्या, पण फोल्के भडकला. त्याने थेट कंपनीत फोन लावला. "शेजारणीला बेकरीचा वास, मला काहीच नाही! हा कसला पक्षपात?"

तपासायला आलेली बाई चक्रावली. "आजोबा, वास कोणालाच येत नाही. नळात नुसतं पाणी असतं."

दारात उभ्या गुनवरला हसू आवरेना.

"डांबिस म्हातारे!" फोल्के ओरडला. "बंब परत बसवतो बघ!"

पण भर जानेवारीत तो घरात नुसत्या बनियनवर उभा होता. त्याची धमकी कोणी मनावर घेतली नाही.