अलफियाचा पावाशी काडीमोड

"अय्युबभाईंच्या अलफियाला बापाच्या पिठाची लाज वाटायला लागलीय," ही बातमी कसबा पेठेत दिवाळीचा फराळ संपायच्या आत घरोघर पोचली. पुरावाही भक्कम होता. पोरगी अचानक येरवड्याला मावशीकडे, नसीमबानू खालाकडे, राहायला गेली. कधी आलीच तर बेकरीची पायरी चढायची नाही, रस्त्यापलीकडूनच अब्बांना हात करायची. आणि अब्बांनी पुढे केलेला गरम पाव तिने घेतला नाही, हे तर सुशीलाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बडं स्थळ आलं असणार," सुशीलाबाईंनी निकाल दिला. बाई रोज सकाळी बेकरीतून पाव न्यायच्या आणि बदल्यात बातम्या ठेवून जायच्या.

अलफियाच्या डोक्याला वेगळाच ताप होता. ती एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होती. पेठेत विचारलं तर "कॅन्सरवर काम करते" एवढंच सांगायची, की लगेच कुणाच्या तरी आतेभावाच्या गाठीचा रिपोर्ट हातात पडायचा. तिच्याकडे गाठ होती ती उंदराची. म्हणजे उंदीर केव्हाच गेला, त्याच्या गाठीतल्या पेशी मात्र फ्लास्कमध्ये गुलाबी सूप पीत सुखाने नांदत होत्या. त्या पेशींतलं एक जीन वाढीचं प्रथिन बनवायचे हुकूम सोडतं. पेशी उपाशी ठेवल्या की हुकूम मंदावतात, खाऊ घातलं की धडाधड सुटतात. एका नव्या औषधाने या हुकुमांना लगाम बसतो का, ते अलफियाला मोजायचं होतं.

पण मोजायची वेळ आली की सूप गढूळ! सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर पेशींच्या मधूनमधून मण्यांच्या माळा. यीस्ट. पाव फुगवतं, तेच. आता जिच्या घरी पहाटेपासून पीठ फुगतं, तिच्याकडे बोट जाणार नाही तर कुणाकडे?

तिचे मार्गदर्शक दत्तप्रसाद सर ओरडले नाहीत. पुण्याच्या माणसाला त्याची गरज पडत नाही.

"अलफिया, आपण पेशी वाढवतोय की बनपाव?"

दुसऱ्या दिवशी कल्चर रूमच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीच्या, दारावर पाटी लागली : 'घरी पीठ आंबवणाऱ्यांनी अंघोळ करून, कपडे बदलून आत यावे. शंका विचारू नयेत.' वर सरांनी तोंडी सांगितलं, "पुढचाही फ्लास्क बिघडला तर हे काम शुभंकरकडे."

शुभंकर तिचा सहकारी. चांगला मुलगा, अशा वेळी चेहऱ्यावर दुःख आणण्याइतका चांगला.

घर सोडायच्या आधी अलफियाने बापाला सगळं समजावून सांगितलं होतं. "अब्बा, माझ्या पेशींना तुमचं खमीर लागतंय."

"अख्ख्या पेठेला माझा पाव बाधला नाही, तो तुझ्या उंदराला बाधतो?"

"उंदीर आधीच मेलाय, अब्बा."

"मग तर प्रश्नच मिटला!"

प्रश्न मिटला नाही. पोरगी गेली. अय्युबभाई सुशीलाबाईंना पाव देताना त्यांची तब्येतही विचारेनासे झाले. बाईंच्या लेखी हा बातमीला मिळालेला दुजोराच होता.

येरवड्यात अलफियाने पावाचं तोंड पाहिलं नाही. दोन-दोनदा अंघोळ करून प्रयोगशाळेत जायची. खाला म्हणायची, "टाकीतलं पाणी तुझ्या उंदरालाच पुरव, आम्ही असेच राहू." आणि एका शनिवारी इन्क्युबेटर उघडला, तर फ्लास्क पुन्हा गढूळ.

फ्लास्क दिसू नये म्हणून ती त्याच्यासमोर आडवी उभी असतानाच दत्तप्रसाद सर आत आले. हातात फडक्यात गुंडाळलेला, विटेच्या रंगाचा आणि वजनाचा एक पाव.

"घ्या, घरचा आहे. विकतच्या पावात काय राम असतो?" हे बेकरीवाल्याच्या लेकीला!

अलफियाने राग गिळला. "सर, कधीपासून करता?"

"दसऱ्यापासून. बरणीत जिवंत खमीर पाळलंय. रोज सकाळी त्याला पीठ घालून, हाताने कालवून मगच इकडे येतो. बायको म्हणते, मुलांकडे एवढं लक्ष दिलं नाहीत."

पहिला फ्लास्क दसऱ्यानंतरच गढूळ झाला होता. आणि सर रोज सकाळी आल्या आल्या कल्चर रूममध्ये चक्कर मारत, 'नुसतं बघायला'. त्यांच्या स्वेटरच्या बाहीवर पिठाची पापडी वाळलेली होती.

अलफियाने यीस्ट उगवतं अशी, खाद्य भरलेली एक प्लेट पुढे केली. "सर, या प्लेटवर जरा बोटं टेकवता?"

सरांनी कौतुकाने टेकवली. दुसऱ्या दिवशी पहाटे अलफिया थेट बेकरीत शिरली आणि कोपरापर्यंत हात पिठात घातले. अय्युबभाईंना वाटलं, पोरीला अक्कल आली. ती मात्र तशीच उठली, अंघोळ केली, कपडे बदलले आणि प्रयोगशाळेत जाऊन दुसऱ्या प्लेटवर आपली बोटं उमटवली.

प्लेटा पिकल्यावर तिने दोन्ही सरांच्या टेबलावर ठेवल्या. एक कोरी करकरीत. दुसरीवर साबुदाणा सांडल्यासारखे पांढरे ठिपके.

"यातली सरांची कुठली?" शुभंकरने विचारलं. ठिपकेवाल्या प्लेटच्या झाकणावर 'सर' असं लिहिलेलं होतं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "शंका विचारू नयेत असं लिहिलंय ना?"

"विचारली नाही, सर. फक्त इन्क्युबेटरमध्ये ठेवली."

त्या दिवसापासून सर दाराच्या काचेतूनच बघू लागले. फ्लास्क गुलाबी राहिले. उपाशी पेशींचे हुकूम मंदावले, खाऊ घातल्यावर सुटले, आणि औषध टाकलं तरी तस्सेच सुटत राहिले. औषध कुचकामी निघालं. पण ते कुचकामी आहे हे अलफियाने स्वच्छ मोजून दाखवलं, आणि काम तिच्याकडेच राहिलं. ती सामान घेऊन घरी आली आणि बेकरीच्या पायरीवर बसून पाव खाऊ लागली.

"स्थळ मोडलं वाटतं?" सुशीलाबाईंनी हळूच विचारलं.

स्थळ कधी आलंच नव्हतं. बापाची लाजही तिला वाटत नव्हती. फ्लास्कमध्ये यीस्ट होतं, आणि ते दत्तप्रसाद सरांच्या बरणीतलं होतं.