साळवींचा पडदा

विनोद सांगून झाला की साळवी तर्जनी वर करून थांबत आणि मनातल्या मनात तीनपर्यंत मोजत. तेवढ्यात समोरच्यानं हसून घ्यायचं. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. खिडकीपाशी कामगार चिठ्ठ्या घेऊन ताटकळलेले, आणि हे बोट वर करून उभे! माझं डोकंच उठायचं.

"मेल्या, हशाला जागा सोडावी लागते," ते मला सुनावत. ही विद्या त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मिळाली होती. अमेरिकन फौजेच्या छावणीत ते गोदाम सांभाळत. तिथल्या रेडिओवर रोज दोघे विनोदवीर एकमेकांची टर उडवत. एक शहाणा, एक खुळा. मध्येच दारं वाजायची, बश्या फुटायच्या. साळवी पायरीवर बसून ऐकत. इंग्रजी निम्मंच कळे, हसू मात्र पुरं येई.

कॉलनीच्या गणेशोत्सवात तसाच कार्यक्रम करायचं त्यांच्या मनानं घेतलं. शहाणा मी, खुळे ते. आणि अट काय, तर सगळं पडद्याआडून बोलायचं!

"अहो, आपल्याकडे चांगलं स्टेज आहे," मी कपाळावर हात मारला.

"पडदा राहणार. आमच्या हिला एकदा चार माणसांच्या बरोबरीनं हसायचंय."

वहिनींची दृष्टी लहानपणी देवीत गेली होती. नाटकात लोक हसले की त्या शेजारणीला विचारत, "काय झालं हो?" ती सांगेपर्यंत पुढचं सुरू. शेवटी त्यांनी येणंच सोडलं. यंदा साळवींनी त्यांना शब्द दिला होता.

"त्यांना ऐकू येईलच की! बाकीच्यांना कशाला शिक्षा?" माझं कोण ऐकतो!

कार्यक्रम सुरू झाला. पाच मिनिटं लोकांनी पडदा सोसला. मग मोशी गावाकडचा कुणीतरी ओरडला, "आरं, मानसं हायत का नुसताच भोंगा? उघडा की पडदा!" आणि कुणीतरी दोरी ओढलीच.

साळवी डोळे मिटून, गुडघे टेकून, करवंट्या आपटून टापा वाजवत घोडा पळवत होते. मंडप दणाणला. माझा जीव भांड्यात पडला, हसले एकदाचे!

पहिल्या रांगेत वहिनी इकडेतिकडे मान वळवत विचारत होत्या, "काय झालं हो?" शेजारीण पोट धरून हसत होती.

साळवी उठले आणि त्यांनी स्वतः पडदा ओढला.

"अहो, आत्ता कुठं रंग भरला होता!" मी खेकसलो.

"हिला सोडून सगळे हसले, मेल्या. वाच पुढं."

मी दातओठ खात वाचू लागलो. अर्धा मंडप उठून शेंगा खायला गेला. माझी पुरती शोभा झाली. इतका हट्टी माणूस मी जन्मात पाहिला नाही.

मग साळवींनी पायरीवरून बादली गडगडत सोडली, आणि पडद्यापलीकडे वहिनी खळखळून हसल्या. कुणालाही काही न विचारता. पाठोपाठ शेजारीण हसली, मागं दोन-चार बायका हसल्या.

साळवींचा राग मला येतच होता. पण पुढचं पान मी जरा मोठ्यानं वाचलं.