केशकाळ घाटातली ब्रेकची रबरं

काल नातवाच्या सायकलला ब्रेकची नवी रबरं बसवत होतो. त्या वासानं केशकाळचा घाट आठवला.

मी बी.ए. झालो, घराण्यात पहिलाच. त्या आनंदात दादा, माझा थोरला भाऊ, स्टील प्लांटमधून सुट्टी काढून माझ्यासोबत सायकलनं भिलाईहून बस्तरला आला. परतताना घाटमाथ्यावर माझे ब्रेक लागेनात.

"तू चहा पी, मी पाहून राहिलो ना," दादा म्हणाला.

चहा होईस्तोवर ब्रेक पक्के झाले होते. सगळी वळणं मी सुसाट उतरलो आणि खाली सालाच्या झाडाच्या सावलीत तासभर वाट पाहिली. दादा सायकल हातात धरून, घामानं निथळत पायी आला.

"कावून दादा, भेला काय?"

"हो बाप्पा, भेलो," तो हसला.

तेवढ्यात त्याच्या सायकलकडे नजर गेली. तिच्या ब्रेकला रबरंच नव्हती. ती माझ्या सायकलला होती. समजलं, पण पदवीच्या तोऱ्यात मी सायकलवर टांग टाकून पुढं निघालो. भिलाईत परतल्यावर आमच्या रुआबांधा वस्तीत सगळ्यांना हसत सांगितलं, दादा घाटात भेला. त्यानं कधी खोडून काढलं नाही.

आता दादा नाही. काल मी त्याचं नाव काढलं, तर नातू म्हणाला, "वही ना, जो घाट में डर गए थे?"

त्याला हे माझ्या मुलानं सांगितलं होतं, आणि मुलाला मी.