रेडिओवर सांगितलं म्हणून

भडगावात आमच्या गल्लीत रेडिओ एकट्या माझ्याकडे. मी लताबाई, गल्ली मला अक्का म्हणते. मी घरी बसून ब्लाउज शिवणारी, बाकीच्या बठ्ठ्या, झाडून साऱ्या, कापूस वेचायला. पोटुशी असली तरी नववा लागेपर्यंत कुणाची सुटका नाही. दुपारी बायकांच्या कार्यक्रमात डॉक्टरीणबाई बाळंतपणाचं सांगायच्या. ते मी ऐकायचं आणि संध्याकाळी ओट्यावर गरोदर बायकांना सांगायचं, असं ठरूनच गेलं होतं. शिकलेली मी चौथी, पण तोरा असा, की जणू इंजेक्शनही मीच देते.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर लग्नाचे ब्लाउज अंगावर आले आणि एक दिवस मी रेडिओ लावलाच नाही. नेमकी त्या संध्याकाळी शेजारच्या झुंबरबाईची सून प्रमिला सुजलेले पाय घेऊन आली. आठवा महिना. डोकंही दुखतं म्हणाली, रेडिओत याचं काही सांगितलं का म्हणाली. आज ऐकलं नाही म्हणायला माझी जीभ झडली असती का? पण चार बायका तोंडाकडे बघत होत्या. दिलं ठोकून, की रेडिओवर सांगितलंय, शेवटी शेवटी सूज येतेच, मिठाच्या पाण्यात पाय ठेव. झुंबरबाई तिला दवाखान्यात नेणार होती, तिनं ते राहू दिलं.

पाचव्या दिवशी प्रमिलाला झटके आले. जळगावला नेलं. ती वाचली, पोटातला मुलगा गेला. सूज दिसली तेव्हाच आणायचं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मग अख्खी गल्ली रेडिओवाल्यांना शिव्या देऊ लागली आणि मी मेली त्यांच्यात बसून मान हलवत राहिले. जेवत होते, झोपत होते. लाज कशी वाटली नाही मला?

दोन वर्षांनी प्रमिलाला पुन्हा दिवस गेले. सातव्यात पाय सुजले. नर्सबाई घरी येऊन दवाखान्यात चल म्हणून सांगून गेली, पण प्रमिला हलेना. मागे रेडिओतल्या डॉक्टरणीचं ऐकून पोर घालवलं, आता कुठल्याच डॉक्टरचं ऐकणार नाही, असं तिनं धरून ठेवलेलं. झुंबरबाईनं समजूत घालायला बोलावलं ते मलाच.

मी तिच्यापुढे बसले. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला.

"प्रमिला, रेडिओवर तसं कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मी रेडिओ लावलाच नव्हता. माझ्या मनचं सांगितलं मी."

 ती भिंतीला धरून उठली आणि सासूला म्हणाली, "चला, दवाखान्यात जाऊ."

आधार द्यायला मी हात पुढे केला.

"तुम्ही हात लावू नका, अक्का," ती म्हणाली.